दुसऱ्यांदा आवळायचे नट

हे लिहायचं मी आजवर टाळलं. कारणं पुष्कळ होती आणि सगळी सोयीची होती. आधी नोकरी, मग मुलांची लग्नं, मग बायकोचं आजारपण. शिवाय माणूस गेला की त्याची गोष्टही संपते, असं मी स्वतःला समजावत असे. ती संपली नाही. गेल्या महिन्यात राहुरीच्या माझ्या जुन्या शाळेत माजी विद्यार्थ्यांनी आम्हा म्हाताऱ्या शिक्षकांचा सत्कार केला. शाल-नारळ झाल्यावर एक जण भाषणाला उभा राहिला. आज तो मोठा कंत्राटदार आहे. लोकांना हसवायचं म्हणून त्यानं सांगितलं, "आमच्या गावात एक ओव्हरसियर होते. त्यांनी गाडीचं इंजिन खोललं आणि मरेपर्यंत त्यांना ते बसवता आलं नाही. दुष्काळात माणसाला प्यायला पाणी नव्हतं, तर हे गाडीला पाजायचे." सगळं सभागृह हसलं. अर्धवट काम टाकून उठणाऱ्याला राहुरीत अजून 'ओव्हरसियरचं इंजिन केलंस' म्हणतात. मी पुढच्या रांगेत खांद्यावर शाल घेऊन बसलो होतो. मीही हसलो.

घरी आल्यावर ती शाल मी कपाटाच्या तळाशी कोंबली. राग त्या कंत्राटदाराचा नव्हता. त्यानं ऐकलं तेच सांगितलं. खरं ठाऊक असलेला एकच माणूस त्या सभागृहात होता आणि तो दात दाखवत होता.

त्या ओव्हरसियरांचं नाव मी लिहीत नाही. सगळे त्यांना नाना म्हणत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शेतकरी घरातले शिकलेले पहिले. कचेरीत शुद्ध बोलत, घरी आपल्या बोलीत बोलत आणि चिडले की दोन्हीत बोलत. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू होतो. शाळेत विज्ञान शिकवायचो, लग्न व्हायचं होतं, आणि आपण फार मानी आहोत अशी माझी समजूत होती.

नाना प्रेमळ वगैरे नव्हते. मेलेल्या माणसाला लोक गोड करून टाकतात. तसं केलं तर तो आणखी एक खोटेपणा होईल. त्यांचं तोंड फटकळ होतं. पाहुण्यानं चहा अर्धा ठेवला तर "साखर कमी पडली का बुद्धी?" असं विचारत. एसटीत बसत नसत. दुसऱ्याच्या हातात आपला जीव द्यायला आपण काय मेंढरू आहोत का, असं त्यांचं म्हणणं होतं. देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज इंजिनियराकडून घेतलेली एक विलायती गाडी त्यांच्या अंगणात, निंबाखाली उभी असे. तिचा काळा रंग उडून तव्याच्या बुडासारखा झाला होता. दार जोरात लावलं तर "गोठ्याचं फाटक हाय का ते?" म्हणून ओरडत. आणि स्वतःच्या अंगणात वळतानाही खिडकीतून हात काढून इशारा करत. मागे कोण असायचं? कोंबड्या.

इंजिनाचा आवाज ऐकायला ते आपल्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकींचं लाटणं वापरत. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग पोळीला तेलाचा वास येई आणि काकी म्हणत, "एक दिवस ते लाटणं तुमच्याच डोक्यात घालते, म्हणजे आतला आवाज मलाबी कळंल."

त्यांची दोन मतं मात्र मला इथं नीट सांगितली पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिलं, कुठलीही गोष्ट मधून बाहेर करायची. इंजिनाच्या वरचं जड झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते नटांनी आवळताना मधला नट आधी, मग त्याच्या शेजारचे, मग कडेचे. कडेपासून सुरुवात केली तर हेडखालचा पत्रा मधे फुगतो. हे ठीकच होतं, पण नाना भाकरीही मधून खात. मधला पापुद्रा उचलून त्यावर पिठलं घालत आणि कडा शेवटाला ठेवत. अंगण झाडणाऱ्या बाईलाही मधून बाहेर झाडायला लावत. ती म्हणे, "लई शिकल्यावर असं हुतं."

दुसरं मत शब्दाबद्दल होतं. एखाद्यानं काम झालं म्हटलं की ते झालं. मग परत जाऊन बघायचं नाही. पाटावर नोकरीला असताना एका पाटकऱ्यानं पाणी सोडायचं दार बंद केल्याचं सांगितलं आणि एक नवा कारकून खात्री करायला उठला. नानांनी त्याला सगळ्यांसमोर खाली बसवलं. "त्यानं झालं म्हटलंय. तू बघायला गेलास म्हंजे त्याला खोटारडा म्हनलास."

मी विचारलं होतं, "आणि खरंच खोटं निघालं तर?"

"मंग ते त्याचं त्यानं भोगायचं. मी कशाला आधीपासून लोकास्नी चोर समजू?"

मला तेव्हा हे मत बावळटपणाचं वाटलं होतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळाचं ते साल ज्यांनी पाहिलं त्यांना वर्णन नको. नानांची मुलगी शकू सोनईला दिली होती. तिला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि मुलीला न्यायला माहेरचा मुराळी जायचा, ही रीत. शकूला भाऊ नव्हता. मुराळी नानाच होणार होते. लग्नात व्याह्यांनी मांडवात सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमची ती गाडी चालती का नुसती दारात बांधलेली असती?" नानांनी तिथंच सांगून टाकलं होतं, की मुलीला पहिल्यांदा माहेरी नेईन ती ह्याच गाडीतून.

गाडी चालत होती, पण कशी? काळा धूर सोडत, चढावर धापा टाकत. हेड काढून आतली काजळी खरवडायची आणि व्हॉल्व्ह घासायचे, हे काम कित्येक वर्षं राहून गेलं होतं. नोकरीत असताना वेळ नाही, निवृत्त झाल्यावर काकी अंगण देईनात, आणि मेकॅनिकला हात लावू द्यायला नाना तयार नाहीत. आता शकूसाठी काकींनीच अंगण दिलं. बाज टाकून दिली, वर जुनं लुगडं अंथरलं.

ते दिवस, खरं सांगायचं तर, चांगले होते. शाळा सुटली की मीही मदतीला बसायचो. काढलेला प्रत्येक भाग लुगड्यावर ज्या जागेचा त्या जागी. काजळी खरवडताना नाना पुटपुटत, "बघा मास्तर, मानसाच्या पोटातबी असंच साठतं. वरून धोतर पांढरं." व्हॉल्व्हला पेस्ट लावून, वर काठी बसवून, ती दोन तळहातांत धरून घुसळायचे. काकी ओट्यावरून बघत म्हणाल्या, "आयुष्यात एकदा ताक घुसळलं असतं तर हात झडले असते का?"

"ताकानं गाडी चालत न्हाई."

"गाडीनं कढी हुत न्हाई."

फट बुजवणारा पातळ पत्रा, म्हणजे नवं गॅस्केट टाकलं आणि वर हेड बसवलं. नट नानांनी स्वतः आवळले, मधून बाहेर. मग इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल मारायला गेले आणि ते झटक्यानं उलटं आलं. मनगट तिथल्या तिथं सुजलं. काकींनी आंबेहळद लावून बांधलं. पुढचं हँडल मी मारलं. इंजिन सुरू झालं आणि असं गुळगुळीत चाललं की नाना लाटणं आणायचं विसरले. चांगलं तापू दिलं, मग बंद केलं.

"आता महत्त्वाचं ऐका," ते म्हणाले. "इंजिन एकदा तापलं की गॅस्केट दबतं आन् नट सैल पडत्यात. म्हनून गार झाल्यावर दुसऱ्यांदा आवळायचे. उद्या सकाळी. माझा हात असा. तुमीच करा. मधून बाहेर."

त्याच संध्याकाळी नगरहून एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी मला सांगून आली होती आणि ते घरमालकाकडे माझी चौकशी करायला आले होते. मी मागच्या खोलीत होतो. मधे पातळ भिंत. माझी वागणूक, व्यसन वगैरे विचारून झाल्यावर नानांचा आवाज आला, "पोरगं बरं हाय. पण हाताला वळण न्हाई. स्क्रू दिला तर उलटा फिरवतंय. मुलगी द्या, फकस्त तिच्यासंगं शिलाई मशीन देऊ नका, दुसऱ्या दिवशी भंगारात जाईल." पाहुणे हसले. काकी हसल्या.

माझ्या कानशिलात आग झाली. होणाऱ्या सासऱ्यासमोर मला विदूषक केलं. मी चपला घातल्या आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. पुढचं मी ऐकलं नाही. पुढचं काय होतं ते मला नंतर कळायचं होतं.

सकाळी मी पाना घेऊन बॉनेटखाली वाकलो. डोक्यात एकच होतं: हाताला वळण नाही ना, मग ह्या हाताची गरज कशाला? पाना नटांवर दोनचार वेळा खडखडवला, ओट्यावर ऐकू जाईल इतपत. एकही नट फिरवला नाही. मग हात पुसत गेलो.

नाना डाव्या हातानं चहा पीत होते. "झालं?"

"झालं."

"बरं," म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

पुढे काही दिवस गाडी गावात फिरली आणि काही झालं नाही. माझा राग ओसरला आणि त्याबरोबर ती गोष्टही डोक्यातून गेली. गेली म्हणजे मी जाऊ दिली. एका सकाळी उठून गुपचूप नट आवळायला मला अर्धा तास पुरला असता. ह्या अर्ध्या तासाचा राग मला अजून येतो. पहिलं खोटं रागाच्या भरात गेलं म्हणावं. पण नंतरच्या प्रत्येक सकाळी मी शांत डोक्यानं त्या गाडीशेजारून शाळेत गेलो.

नाना मनगट जरा बरं होताच सोनईला निघाले. हँडल मारायला मी बरोबर. जाताना गाडी छान गेली. सोनईत व्याह्यांच्या दारात लोक जमले. नानांनी धोतर झटकलं आणि इतकंच म्हणाले, "दारात बांधलेली हाय ती." व्याही हसले नाहीत. शकूची ओटी भरली, पुरणाचं जेवण झालं आणि भर उन्हात आम्ही परत निघालो.

ब्राह्मणी गावाच्या अलीकडे इंजिनानं ताकद सोडली. मग बॉनेटखालून वाफ. नानांनी गाडी बाभळीच्या विरळ सावलीत घेतली. हेडच्या कडेनं पाणी फुसफुसत बाहेर येत होतं. मी ते बघितलं आणि मला सगळं कळलं. शकू मागच्या सीटवर घामानं भिजली होती.

जवळच्या वस्तीवरून एक बाई कळशी घेऊन आली. त्या दिवसांत कळशीभर पाणी म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तिचं मन कळेल. म्हणाली, "गाडीला लागंल तेवढं घ्या, दादा. पोर अवघडलेली हाय."

नानांनी ती कळशी घेतली, शकूला पाजलं, तिच्या तोंडावर ओला पंचा फिरवला आणि उरलेली कळशी बाईला परत दिली. "गाडी काय मरत न्हाई," म्हणाले. स्वतः घोटभरही घेतलं नाही. गाडीला पाणी पाजलं, ही गोष्ट धादांत खोटी आहे. मी तिथं होतो.

मग ते माझ्याकडे वळले. आजवर ते मला मास्तर म्हणत, तुम्ही म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदाच घरच्या पोराला म्हणावं तसं म्हणाले, "दुसऱ्यांदा आवळले हुतेस न्हवं?"

"हो, नाना."

"मंग माझंच कायतरी चुकलं."

एक सायकलवाला सोनईला निरोप घेऊन गेला. बैलगाडी आली, तिच्यात स्वतः व्याही. खाली उतरायच्या आधीच बोलायला लागले.

"आमची सून काय भंगारात घालून न्यायची वस्तू हाय? रस्त्यात काय झालं असतं तर कुनाच्या तोंडाकडं बघायचं आमी?"

शकू म्हणाली, "मामंजी, यष्टीनं जाऊ द्या. नाना हायेत संगं."

"तू गप गाडीत बस. बाळंतपन आता सोनईलाच. आन् ओव्हरसियर, मुराळी म्हनून पुन्हा आमच्या दाराची पायरी चढायची न्हाई."

ज्या माणसाला पाहुण्याच्या अर्ध्या चहावरही बोलल्याशिवाय राहवत नसे, तो हात जोडून उभा होता. "गाडी माझी, चूक माझी. तिला बोलू नका." एवढंच. मी बाभळीला टेकून उभा होतो. तोंड उघडायला ती जागा होती, ती वेळ होती. व्याह्यांचा राग माझ्यावर वळला असता. मला चार शिव्या, कदाचित एखादी थोबाडीत, आणि शकू कदाचित एसटीनं राहुरीला. मी बाभळीच्या शेंगा बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाडी बैल जुंपून राहुरीत ओढत आणली. वाटेवर लोक बघायला उभे होते. दारात काकी आल्या, लाटणं नानांच्या हत्यारांच्या पेटीत टाकलं. "घ्या, आता तुमच्याकडंच ठेवा. मी कुनासाठी पोळ्या लाटू?"

नानांनी मला इंजिन खोलायला सांगितलं. गाडी सांभाळताना त्यांचं मनगट पुन्हा धरलं होतं. ते खुर्ची टाकून शेजारी बसले. मी पहिल्या नटाला पाना लावला आणि तो सहज फिरला. कडेचे तर बोटांनी निघाले असते. ह्यापुढचं वाक्य लिहायलाच मी हे सगळं लिहितो आहे. मी दात आवळले, खांदे ताणले, कण्हलो. घट्ट नट सोडवल्याचं सोंग केलं. प्रत्येक नटाला.

"बेतानं," नाना म्हणाले. "जोरानं मोडशील."

गॅस्केट निघालं. एका बाजूला जळून काळी वाट पडली होती. ते त्यांनी उजेडात धरलं, हेडवर पोलादी पट्टी ठेवून एक डोळा मिटून बघितलं, परत बघितलं. "हेड सरळ हाय. असं जळतं ते नट सैल ऱ्हायल्यावर. पन सैल तर न्हवते." माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. "म्हंजे पयल्यांदा मीच उलटं आवळलं असंल. बाहेरून मधे. माझ्या हातानं असं केलं असंल?"

त्यानंतर ते इंजिन नानांनी परत बसवलं नाही. बसवता येत नव्हतं म्हणून नाही, गावकऱ्यांनो. डोळे बांधून बसवलं असतं त्यांनी. चूक सापडल्याशिवाय बसवायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता आणि चूक त्या इंजिनात नव्हतीच. ती मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. रोज सकाळी बाजेवरचे भाग उचलून बघायचे, पुसायचे, परत ठेवायचे. पुढं पुढं घरातही त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही. दाराची कडी घालून परत जाऊन बघत. दुसऱ्याचं काम कधी तपासलं नाही त्या माणसानं, आपलं मात्र दहादा तपासायला लागला. गाडी पुन्हा चालवली नाही.

शकूला सोनईत मुलगा झाला. काकी एसटीनं बघायला गेल्या. नानाही बरोबर गेले, जन्मात प्रथमच एसटीत बसून. पण व्याह्यांचा शब्द होता. काकी घरात गेल्या आणि नाना सोनईच्या स्टँडवर एका निंबाखाली बसून राहिले. परत येताना काकी एकच बोलल्या म्हणे, "नाक तुमच्यासारखं हाय."

माझं लग्न त्याच नगरच्या मुलीशी झालं. मी बदली मागून नगरला आलो. पहिल्या दिवाळसणाला जेवताना सासरे म्हणाले, "तुमच्या घरमालकांमुळं मी होकार दिला बरं का. काय माणूस! आधी तुमची थट्टा केली. मग म्हणाले, हे सगळं जाऊ द्या, पोराची एक गोष्ट लिहून घ्या. झालं म्हणाला की झालं. खोटं बोलत न्हाई. उद्या माझ्या मुलीला आणायच्या गाडीचं काम मी त्याच्या शब्दावर सोडलंय." सासऱ्यांनी मला आणखी एक अनारसा वाढला. मी तो खाल्ला.

त्यानंतरच्या रविवारी मी राहुरीला गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो: नाना, दुसऱ्यांदा मी आवळले नव्हते. लहान मुलालाही पाठ होईल असं वाक्य. नाना निंबाखालीच होते. वाळले होते. लुगडं जीर्ण झालं होतं, पण भाग जागच्या जागी होते. काकींनी चहा आणला. मी पेला खाली ठेवला.

"नाना, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"बोला की. आधी ते हेड जरा पालथं करा. माझ्यानं उचलत न्हाई आता."

मी हेड उचललं. थंड, जड. पालथं करून बाजेवर ठेवलं. तळवे काळे झाले. नाना पट्टी ठेवून, एक डोळा मिटून, वाकून बघायला लागले. किती तरी वेळ बघत होते. मी त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत उभा होतो. काकी ओट्यावर बसून गहू निवडत होत्या.

नाना मान वर न करता म्हणाले, "कायतरी बोलत हुतात. झालं बोलून?"

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी परत विचारलं नाही. झालं म्हटल्यावर ते कधीच परत विचारत नसत.